यंत्रातल्या बाईचा नकार

जन्मभर इतरांचे निबंध तपासलेल्या माणसाने उतारवयात स्वतः लिहू लागावे, हे धारिष्ट्यच आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण ज्या बाईंविषयी लिहायचे आहे, त्यांच्याविषयी कोणी अक्षरही लिहिले नाही, आणि त्याचा मला अद्याप राग आहे.

राग हा खरे तर त्यांचा प्रांत. कुडाळजवळच्या एका खाजगी परिचारिका विद्यालयात त्या प्रसूतिशास्त्र शिकवीत आणि मी इंग्रजी. संतापल्या की त्या चष्मा काढून पदराने पुसत आणि शांतपणे म्हणत, "मी अजून रागावलेले नाही." तेवढ्यानेच वर्ग उभा राही.

दोन हजार आठच्या सुमारास विद्यालयात एक यंत्र आले. डोक्यावर टोप चढवला आणि हातांत तारांचे मोजे घातले, की समोर खाटेवर गरोदर बाई दिसे. तिचे पोट तपासून बाळाचे डोके कुठे आहे ते सांगायचे. ठरल्या वेळेत सांगितले, की संगणक गुण देई. बाईंना ते मनापासून आवडले. "इथे चुकले तर कोणाला दुखत नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतः टोप चढवला आणि सवयीने विचारले, "गो बाय, हात लावू मां?" उत्तराची वाट पाहिली. वेळ संपली. संगणकाने शून्य दिले. मुली हसल्या, बाईही हसल्या.

टोप काढून त्या कंपनीच्या तरुणाला म्हणाल्या, "हिला 'नको' म्हणायला शिकवा."

"मॅडम, मग तपासणी पूर्ण कशी होणार?"

"होऊ नये. समजूत काढल्याशिवाय होऊच नये."

त्याला ती थट्टा वाटली.

पुढे प्राचार्यांनी जाहीर केले, की यंत्र आहे तेव्हा मुलींनी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात महिनाभर राबण्याची गरज नाही. एक फेरी पुरे. त्या फेरीची हकीकत बाईंनीच मला सांगितली. यंत्रावर पहिली आलेली मुलगी मालवणच्या एका मासे विकणाऱ्या बाईपाशी गेली आणि चकार शब्द न बोलता तिचे लुगडे सरकवून पोट चाचपू लागली.

"मी काय बांगडो आसंय गो?" ती बाई कडाडली. "ताजो की शिळो बघूक इलंस?"

मुलीने घड्याळाकडे पाहिले.

"पोरीचा दोष नाही," बाई मला म्हणाल्या. "आपणच तिला हे शिकवले." चष्मा त्या दिवशी डोळ्यांवरच होता.

मुलींना महिनाभर प्रसूतिकक्षात पाठवल्याशिवाय त्यांच्या उत्तीर्णतेवर सही करणार नाही, असे त्यांनी कळवले.

"बाई, तुम्ही यंत्राला घाबरता," प्राचार्य म्हणाले.

"यंत्राला कशाला घाबरू? शिकवाल तसे ते शिकते. तुम्ही शिकत नाही."

सत्र संपण्यापूर्वीच त्यांना 'वयोमानानुसार' निवृत्त करण्यात आले. खाजगी संस्थेत वयही संस्थाच ठरवते. सही दुसऱ्या कोणी केली. निरोपसमारंभात प्राचार्य अर्धा वेळ यंत्राचीच स्तुती करीत राहिले. ती संपण्याआधी बाई उठल्या, अंगावरची शाल खुर्चीवर ठेवली आणि कसालची बस धरून निघून गेल्या. वर्षभरात वारल्याचेच कळले.

त्या मुली आता गावोगावच्या दवाखान्यांत आहेत. हात फार चलाख आहेत, असे सारे म्हणतात. मी तुम्हांला एवढेच विचारतो: तुमच्या लेकीच्या पोटावर हात ठेवण्यापूर्वी कोणी तिची परवानगी घेतली होती का?