निळ्या पिंपातलं पाणी

आमचे मालक मिलिटरीतून पेन्शनीवर आले आणि त्यांनी घरात काचेच्या टाकीत समुद्रातले दोन मासे पाळले. फिल्टरच्या पाण्यात माशांसाठी मिळणारं समुद्री मीठ विरघळवून ते निळ्या पिंपात झाकून ठेवायचे. तांब्याचं भांडं जवळ नेऊ द्यायचे नाहीत, त्यानं मासे मरतात म्हणायचे. मिरजेच्या दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी पिंप भरून ठेवलं. तिथून ते परत आले नाहीत.

तेरावं झालं. माशांचं पाणी बदलायला हवं होतं, पण त्यांच्या हातचं पाणी संपवायला माझं मन होईना. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आगं, त्याचं काय लोणचं घालतीस व्हय?" मी हसले आणि आत जाऊन बसले.

टाकी गढूळ झाली, मासे खाईनात, तेव्हा मी पिंप उघडलं. प्लास्टिकच्या मगानं पाणी काढत गेले. तळाशी थोडं राहिलं, तिथं हात थांबला. दह्याचं विरजण राखून ठेवतो तसं तेवढं ठेवलं आणि त्यावरच नवं पाणी, नवं मीठ घातलं.

मासे जगले. अजूनही दर वेळी मी तळाशी थोडं ठेवते. त्यात त्यांच्या हातचं किती उरलं असेल, ते मला कळत नाही.