अकरा ठिकाणी अस्पष्ट

कुंभकोणमच्या फलाटावर गाडी हलेपर्यंत अप्पा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्या बॅगेची चेन नीट बसते का, एवढंच ते पुन्हा पुन्हा ओढून पाहत होते. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, शेजारी उभी राहून डोळे पुसत होती आणि दहीभात आधी खा, चिंचेचा भात टिकतो, असं दहाव्यांदा सांगत होती. गाडी सुटली तेव्हा अप्पा खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "आपल्या देशी चाललीस. तेथें तुला कोणी परकी म्हणणार नाही."

आपला देश म्हणजे पुणे. आमच्या घरातल्या कोणीही तो देश पाहिलेला नव्हता. मराठे राजे तंजावरास आले त्यांच्यामागून आमचे पूर्वज आले, ते कावेरीकाठचेच झाले. पण कुंभकोणमच्या मेलकावेरीतल्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, हा नियम कधी मोडला नाही. पीएच.डी.साठी पुण्याच्या संस्थेत प्रवेश मिळाला तेव्हा अप्पांनी तो कागद देवापुढे ठेवला. जणू मी शिकायला नाही, सगळ्यांच्या वतीने घरी परत निघाले होते.

हे मी तुम्हा सगळ्या नातलगांसाठी लिहिते आहे. जे मेलकावेरीत राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, चेन्नईला, बंगळूरला, समुद्रापलीकडे. मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. ती शेवटी मागते. आधी मी काय केलं ते सांगायला हवं, नाहीतर मागायला तोंड नाही.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात माझ्या मराठीची मजा झाली. मी कँटीनमध्ये "पाणी कोठें आहे?" असं विचारलं, तर मागच्या रांगेतली मुलं खुसखुसली. कोणी म्हणालं, ही बखरीतून उठून आलीय. वाईट हेतू नव्हता हो. मला कौतुकाने बोलायला लावायचे, चार पाहुण्यांसमोर उभी करायचे. पण दोन वर्षांत मी माझी मराठी घासून पुसून त्यांच्यासारखी करून घेतली. आत्ता वाचताय ती तीच. आत्या म्हणते, फोनवर तू वर्तमानपत्रासारखी बोलतेस.

माझा विषय तीन खात्यांच्या मध्ये लोंबकळणारा. इंजिनीअरिंगवाले म्हणायचे, हे शिक्षणशास्त्र आहे. शिक्षणवाले म्हणायचे, हे मानसशास्त्र आहे. मानसशास्त्रवाल्यांना मशीन ड्रॉइंग म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. प्रश्न मात्र साधा होता. वस्तूचे तीन व्ह्यू कागदावर दिले, समोरून, वरून, बाजूने, तर ती अख्खी वस्तू काही मुलांना डोळ्यांपुढे दिसते, काहींना दिसत नाही. ज्यांना दिसत नाही ती गप्प बसतात, विचारत नाहीत. का? त्या गप्प बसण्यात मनात काय चाललेलं असतं?

हा प्रश्न माझा नव्हताच. तो अप्पांचा. पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी तीस वर्षं मशीन ड्रॉइंग शिकवलं. तिरुनीलक्कुडीहून, तिरुनागेश्वरमहून सायकलीवर येणारी मुलं, शेतकऱ्यांची, देवळात काम करणाऱ्यांची. ती गप्प बसली की अप्पांना झोप लागत नसे. घरी जेवताना सांगायचे, आज अमका गप्प बसला. आई विचारायची, मग तुम्ही काय केलंत? अप्पा म्हणायचे, मीही बसलो त्याच्यासंगतीं. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

काम करायची पद्धत अशी. मुलाला ड्रॉइंग द्यायचं आणि सांगायचं, सोडवताना मनात येईल ते मोठ्याने बोलत जा. रेकॉर्डर चालू ठेवायचा. तो गप्प झाला की मनात पाच सेकंद मोजायचे आणि फक्त एवढंच म्हणायचं, बोलत राहा. मदत करायची नाही, मान हलवायची नाही, बरोबर-चूक चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. मग दोन जणांनी ते रेकॉर्डिंग वेगवेगळं ऐकायचं, आपापली नोंद करायची. दोघांची जुळली तरच ते धरायचं.

अप्पांच्याच पॉलिटेक्निकमधल्या मुलांकडे जायच्या आधी सराव म्हणून मी घरच्या तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओटीवर, अप्पांनाच बसवलं. त्यांनी संमतीपत्र चष्मा लावून ओळ न् ओळ वाचलं. एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, अभ्यासातून वगळल्यास रेकॉर्डिंग नष्ट केलें जाईल, हें खरेंच करिता काय? मी म्हटलं, हो अप्पा, नियम आहे. "बरें. नियम असावा," म्हणाले, आणि सही केली.

आणि मग अप्पा बोलले. चाळीस मिनिटं. तुम्हाला ठाऊक आहेत ना अप्पा? फोन वाजला की "घे, तुझी भाची" म्हणून आत्याच्या हातात देणारे. लग्नकार्यात कोपऱ्यात बसून पानाच्या शिरा काढणारे. ते अप्पा समोरच्या कागदाकडे बघत घरच्या मराठीत मोठ्याने विचार करत होते. ड्रॉइंगवरून मुलांवर गेले, मुलांवरून स्वतःच्या बापावर, तिथून माझ्या आईवर. मधे थांबले की मी पाच मोजायचे आणि म्हणायचे, बोलत राहा, अप्पा. की ते पुढे.

ते काय म्हणाले ते मला विचारू नका. मी घड्याळाकडे बघत होते. सेकंद मोजत होते हो मी! पहिलाच सराव, चूक होऊ नये म्हणून सगळा जीव त्या मोजण्यात. मनात म्हणत होते, शब्द काय, रेकॉर्डरमध्ये आहेतच.

मुलांच्या मुलाखती सुरू झाल्यावर मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. अप्पांचं रेकॉर्डिंग मी मृण्मयीकडे पाठवलं. मृण्मयी माझी पुण्यातली जोडीदार, मराठी मुलाखतींची दुसरी नोंद तिची असायची. लिहिलं, मराठी आहे, लिहून काढायचं तूच कर. ती सदाशिव पेठेतली. पुण्याला परतले तेव्हा तिने कागद समोर ठेवले आणि हसत म्हणाली, अगं, तुझे अप्पा म्हणजे शाहिस्तेखानाच्या काळातले वाटतात. अर्धं कळलंच नाही. अप्पांचा एक उच्चार तिने करून दाखवला, तमिळ हेल काढून. हुबेहूब.

मीही हसले.

इथे मला थांबून लिहायला हवं की मी हसले. नुसतं तोंडदेखलं नाही, खरंच हसले. तिच्या बाजूला बसून, तिच्या मराठीत.

आमच्या गाइड मॅडम म्हणाल्या, मृण्मयीची नोंदच अर्धी, जुळवणार कशाशी, शिवाय ते तुझे वडील, त्यांना वगळ. बरोबरच होतं. मी यादीवर त्यांच्यापुढे "वगळले" लिहिलं आणि नियमाप्रमाणे रेकॉर्डिंग पुसलं. संगणकातलं, रेकॉर्डरमधलं, संस्थेच्या साठवणीतलं, तिन्ही ठिकाणचं. तीन चौकोनांत तीन खुणा केल्या. लेक म्हणून एक प्रत ठेवावी असं मनात आलं नाही का? आलं. पण अप्पाच म्हणाले होते ना, नियम असावा. आणि खरं सांगू, ती चाळीस मिनिटं परत ऐकायची मला लाज वाटत होती. ज्या मराठीतून मी एवढी धडपडून बाहेर आले होते, ती मला कानात नको होती.

वर्ष उलटलं. एका सकाळी आत्याचा फोन आला. अप्पा पूजेची फुलं तोडता तोडता खाली बसले आणि उठले नाहीत. मी पोचले तेव्हा ते तंजावरच्या इस्पितळात होते. उजवा हात गेलेला, आणि बोलणं गेलेलं. माणूस ओळखतात, सांगितलेलं कळतं, पण तोंडून शब्द नाही. नुसता एक आवाज येतो, तोही त्यांचा वाटत नाही.

तिथल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी तमिळमध्ये चित्रं दाखवली. गाय, घर, कुलूप. अप्पा भिंतीकडे बघत राहिले. बाई भल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, यांची घरची भाषा वेगळी ना? त्यांचं आधीचं काही बोलणं रेकॉर्ड केलेलं आहे का? ऐकवून बघू. लागेल गुण असं नाही, पण बघू.

मी त्यांच्यापुढे उभी राहून "नाही" म्हणाले. एवढा मोठा खोटेपणा आणि एवढं खरं उत्तर मी आयुष्यात एकदम दिलेलं नाही.

मग जे केलं ते वेड्यासारखं केलं. संस्थेच्या संगणक विभागात दिवसाआड फोन. पुसलेलं परत येतं का? तिथले गृहस्थ आधी समजावत होते, मग फोन उचलेनासे झाले. जुना रेकॉर्डर कुरिअरने मागवला, चेन्नईला दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याच्यावर नंतरच्या मुलांच्या मुलाखती बसलेल्या होत्या. चुलतबहिणीच्या लग्नाची फीत काढून पाहिली. अप्पा आहेत, तोंड हलतंय, कोणाला तरी काहीतरी सांगताहेत, आणि वर सगळीकडे नादस्वरम लावून ठेवलेला. हात जोडले त्या फीत बनवणाऱ्याला.

शेवटी मृण्मयीला फोन केला. ती ऐकताक्षणी रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तिच्या फायलीतले ते कागद तिने पाठवले. रेकॉर्डिंग पुसलं तरी ते तिच्याकडे तसेच राहिले होते, नियमात ते बसत नव्हतं. नऊ पानं. त्यांत अकरा ठिकाणी तिने कंसात लिहिलंय, अस्पष्ट. त्यातलं सातवं असं आहे: "ती दिसत नव्हती तरी मला ठाऊक होतें, तुझी आई मला म्हणाली कीं", आणि पुढे अस्पष्ट. मग नोंद, शांतता, पाच सेकंद. मग माझं, बोलत राहा.

मी तिच्यावर चिडले. म्हटलं, एवढं कळत नव्हतं तर मला विचारायचंस ना. ती म्हणाली, "अगं, मला वाटलं तू भरशील. तुझी भाषा आहे ती."

फोन ठेवून मी मागच्या अंगणात विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले. आत्या दोनदा जेवायला बोलवून गेली.

आता मी घरी आहे, सहा महिने झाले. प्रबंधाची मुदत पुढच्या उन्हाळ्यात संपते. गाइड मॅडम म्हणतात, तिथे बसून लिही. मुलांच्या शांततेवर तीन प्रकरणं लिहून झाली आहेत, चौथं होत नाही. मूल गप्प का बसतं याबद्दल मी दोनशे पानं लिहिली आणि माझ्या घरात कोण किती वर्षं गप्प बसून होतं हे मी विचारलं नाही. आई अप्पांना काय म्हणाली, हे जगात फक्त अप्पांना माहीत आहे. ते एकदा त्यांनी सांगितलं. मला सांगितलं.

रोज सकाळी दहाला मी त्यांना तिण्णैवर बसवते. पाटावर कागद ताणून लावते, डाव्या हातात पेन्सिल देते. तीन व्ह्यू समोर ठेवते, तेच, त्या दिवशीचे. आणि ती नऊ पानं वाचते, त्यांच्या मराठीत, जसेच्या तसे उच्चार, हेल काढून. सुरुवातीला माझी जीभ वळत नव्हती. पुण्याचीच मराठी यायची आणि अप्पा मान फिरवायचे. आता जमतं. आत्या स्वयंपाकघरातून म्हणते, आलीस बाई परत.

गेल्या आठवड्यात त्यांनी पेन्सिल टेकवली. वस्तूची मागची कड, जी समोरून दिसत नाही, ती ड्रॉइंगमध्ये तुटक रेघेने दाखवतात. लहानपणी मी ती विसरायचे, तेव्हा अप्पा म्हणायचे, "दिसत नाही म्हणून सोडूं नये. तुटक काढावी." डाव्या हाताने त्यांनी ती कड काढली. चार तुकडे, वाकडे, पण जागेवर बरोबर. मी आत्याला ओरडून बोलावलं. ती पिठाच्या हातानेच आली, कागदाकडे बघितलं आणि देवघरात जाऊन बसली.

तर माझं मागणं. तुमच्यापैकी कोणाच्या जुन्या फोनमध्ये, कोणाच्या बारशाच्या, मुंजीच्या फितीत, मागे कुठेतरी, भांड्यांच्या आवाजात का होईना, अप्पांचा आवाज असेल तर पाठवा. "घे, तुझी भाची" एवढंच असलं तरी चालेल. अस्पष्ट असलं तरी चालेल. मी भरीन.

बाहेर गेलेल्यांना वाटतं, घर मागे राहिलंय, केव्हाही जाऊ. मलाही वाटायचं. आपल्या देशी गेले, आपल्या देशातून आले, आणि आता मला घर म्हणता येईल अशी ही एकच ओटी आहे, जिथे अप्पांच्या मराठीला कोणी हसणार नाही, आणि अप्पा बोलत नाहीत. मी रोज सातव्या जागेपर्यंत वाचत येते. तुझी आई मला म्हणाली कीं. तिथे थांबते, पान खाली ठेवते. घड्याळ आता जवळ ठेवत नाही. त्यांच्या तोंडाकडे बघते. ओठ हलतात. मी पाच मोजते, मग आणखी पाच.

"बोलत राहा, अप्पा."