तोफ आणि ज्वारीची पिशवी

"ही बाबागाडी आहे की तोफ?" तारामती नवऱ्याला विचारत होती आणि भिंतीपलीकडून मी शेजारीण कान देऊन ऐकत होते. लक्ष्मणरावांनी सिकंदराबादच्या लिलावातून लेकीसाठी आणलेली ती गाडी आमच्या बरकतपुऱ्याच्या जिन्यात अडकली होती. लेक मग त्यांच्या खांद्यावरच वाढली.

तेलंगण वेगळं झालं त्या साली नात आली. आता लक्ष्मणरावांचे गुडघे कुरकुरत होते. लेकीनं बजावलं, "बाबा, खांद्यावरून नाही. हलकी गाडी मिळाली तरच बाळी तुमच्याबरोबर खाली येईल."

रेल्वेच्या पार्सल हापिसात जन्म गेलेला माणूस. बैल घ्यायला निघाल्यासारखे सकाळीच तयार. नातीच्या वजनाची ज्वारी पिशवीत भरली आणि तारामतीला आणि मला संगतीला घेतलं.

दुकानदारानं विचारलं, "अंकल, बच्चा किधर है?"

"ये रहा," म्हणत त्यांनी ज्वारी गाडीत बसवून पट्टा लावला. ढकलली, वळवली, चाकं फिरवली. एक गाडी हलकी पण मिटेना, दुसरी मिटली पण उचलवेना. तिसरी एका हातानं मिटली. मग ती एका हातात, पिशवी काखेत, असे ते दुकानाचा जिना चढून उतरून आले. दम लागला होता, दाखवला नाही.

"आता आहे का तोफ?"

"आता तुम्हीच तेवढे जड," तारामती म्हणाली.

मग बाळी रोज त्यांच्याबरोबर खाली. पुढच्या पौषात लक्ष्मणराव वारले, त्या सकाळीही त्यांनी तिला काचीगुड्याला आगगाडी दाखवून आणली, गाडी मिटून दाराआड टांगली आणि चहा मागितला.