पहिला पडूळपंथी

पडूळ मास्तरांच्या वर्गात हात वर करणं सोपं नव्हतं. कोपर वाकलेलं दिसलं की उत्तर न ऐकताच ते मुलाला खाली बसवत. "अर्धा हात बिलकुल चालणार न्हाई. ठाऊक असंल तं पुरा वर कर." राजूरजवळच्या आमच्या गावात मी त्यांच्याच शाळेत पुढे शिक्षक झालो आणि त्यांच्या या हट्टाला पाठीमागे हसत राहिलो.

मी शिक्षक असतानाच एका उन्हाळ्यात बौद्धवाड्यासाठी हातपंप मंजूर झाला होता. सरपंचांना तो स्वतःच्या गोठ्यापाशी हवा होता. ग्रामसभेत तसा ठराव मांडून त्यांनी विचारलं, विरोधात कोण? बौद्धवाड्यातले सगळे हात वर गेले. "ते दिसले. बाकी गावातून कोण हाये?" सरपंच एकेका चेहऱ्याकडे पाहू लागले. कोणी हलेना. मग मास्तरांचा हात वर गेला, कोपर सरळ. आदल्या दिवशी मीही त्यांना शब्द दिला होता. माझा हात उठला, कानापर्यंत आला, आणि मी कान खाजवला.

"पडूळपंथात एकटे पडूळच दिसून राह्यले," सरपंच हसून म्हणाले. ठराव पास झाला आणि तो शब्द गावभर झाला. कोणी रेशनबद्दल विचारलं तरी गिरणीत कुजबुज होई, हाही पडूळपंथी झाला. लगेच विचारणारा गप्प बसे. मास्तर मात्र वैतागत. "माझं आडनाव कशाला चघळता? पंपाचं बोला."

महिन्याभरात त्यांची बदली परतूरकडे झाली. राजूरच्या स्टँडवर त्यांची पेटी मीच एसटीच्या टपावर चढवली. माफी मागायला गेलो होतो, पण पेटीची दोरीच आवळत राहिलो. गाडी सुरू झाल्यावर ते खिडकीतून एवढंच म्हणाले, "कोपर सरळ ठेवत जा, गुरुजी." त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी लाजेनं मान वर केली नाही.

काही वर्षांनी गावातल्या पोरांनी पडूळपंथी म्हणूनच पॅनल उभं केलं आणि निवडून आणलं. बौद्धवाड्यात पंप बसला. मास्तर वारल्यावर शोकसभेत त्या पोरांनी मला मास्तरांचा जुना सोबती, पहिला पडूळपंथी म्हणून बोलायला उभं केलं. हा शब्द कुठून आला ते मी सांगितलं, आणि कानाचंही सांगितलं. मग पंपाजवळच्या चौकाला मास्तरांचं नाव द्यायचा ठराव आला. मीही हात वर केला. संधिवातानं माझं कोपर आता सरळ होत नाही. मास्तर असते तर त्यांनी मला खाली बसवलं असतं.