पैली वेळिच्चप्पाड

पैलीला आमच्या गावात वेळिच्चप्पाड म्हणतात. भगवतीच्या देवळात ज्याच्या अंगात येतं, जो तलवार घेऊन थरथरतो आणि शेवटी स्वतःचंच कपाळ फोडून घेतो, त्याचं हे नाव. पैली तर रविवार न चुकवता चर्चला जाणारा. पण वेळिच्चम म्हणजे उजेड, आणि पैलीचं काम उजेडाचं. चहावाल्या बेबीनं एकदा ते नाव टाकलं आणि ते चिकटलं.

नदीपलीकडच्या रानात फोटोवाल्यांना नेऊन पक्षी दाखवणारे गावात आठ-दहा जण आहेत. उजेड पाडणारा एकटा पैली. त्या रानात भर दुपारीही तळघरासारखा अंधार असतो. पुढून मारलेला उजेड म्हणजे थोबाडीत मारणं, असं तो म्हणतो. उजेड मागून यावा, तिरपा यावा, केळीच्या वाळक्या पानातून नाहीतर जुन्या मुंडूच्या, लुंगीच्या कापडातून गाळून यावा. मग पिसांच्या कडेला सोन्याची रेघ उमटते आणि मागचं सगळं रान काळं पडतं. मोठमोठ्या कॅमेऱ्यांचे मालक मुकाट्यानं त्याचं ऐकतात.

बेडूकतोंड्यावर त्याचा हात बसलेला. हा पक्षी दिवसभर फांदीवर वाळक्या पानासारखा बसून असतो. जवळ गेलात तर डोळे मिटून चोच वर करतो आणि लाकडाचा तुकडा होतो. उडत नाही. न हलणारा दिसत नाही, एवढंच त्याला जन्मापासून ठाऊक. आपण केव्हाच दिसलो आहोत, हे त्याला कळत नाही. पैलीचा हिशेब सरळ होता. बसलाय, म्हणजे त्याला चालतंय.

हा हिशेब तो बायकोवर शिकला. लग्नाच्या पहिल्या वर्षी कुणा फोटोवाल्या पाहुण्यानं त्याला जुना फ्लॅश दिला, तेव्हापासून मागच्या अंगणात फणसाखाली स्टुलावर राहेलला बसवायचं आणि तिच्या केसांमागून उजेड सोडून बघायचा, हा त्याचा अभ्यास. हलू नको म्हटलं की ती हलत नसे. दुसऱ्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं पोर पोटातच गेलं. नवव्या दिवशी पैलीनं तिला पुन्हा स्टुलावर बसवलं, कारण तीन दिवसांनी पाहुणे यायचे होते आणि केसांची कडा त्याला जमत नव्हती. ती बसली. डोळे मिटून, हनुवटी वर करून. माझी आई कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती, तिनं ते पाहिलं. बाई सावरली, असं पैली बेबीच्या टपरीवर सांगत होता. पुढे त्यांना मूल झालं नाही. स्टूल अजून फणसाखालीच असतं.

यंदा फेब्रुवारीत पैलीला बेडूकतोंड्याचं घरटं सापडलं. छातीएवढ्या उंचीवर, फांदीच्या दुबेळक्यात, मूठभर पिसांची गादी. त्यावर एकच अंडं आणि अंड्यावर दिवसभर नर. घरट्यावर कुणाला न्यायचं नाही, ही पक्षी दाखवणाऱ्यांतली जुनी बोली. पैलीनं पंधरा दिवस ती पाळली. पिल्लू बाहेर पडेपर्यंत तोंड शिवून ठेवलंय, असं त्यानं मला स्वतः सांगितलं. मग कोइंबतूरचा दंतवैद्य शिवनेसन आला.

शिवनेसनला बसलेला बेडूकतोंड्या नको होता. तसे फोटो हजारांकडे आहेत, म्हणाला. त्याला जबडा हवा होता, उघडा. या पक्ष्याचं तोंड बेडकासारखं कानापर्यंत फाटतं आणि आतली कातडी इतकी पातळ की मागून उजेड आला तर ती कंदिलासारखी पेटेल. असा उजेड आजवर कुणी पाडलेला नाही. असं म्हणून तो पैलीकडे बघत राहिला. ते शेवटचं वाक्य पैलीच्या वर्मी लागलं.

दुपारी बारा वाजता दोघं घरट्यापाशी होते. पैलीनं फ्लॅश काठीला बांधला आणि पक्ष्याच्या डोक्यामागे वीतभर अंतरावर धरला. पहिल्या झोताला नर लाकूड झाला. दुसऱ्यालाही. शिवनेसन हळूच म्हणाला, "आ कर." ही त्याची सवय, पेशंटला म्हणायची. पैलीनं काठी पुढे नेली आणि पक्ष्याच्या मानेला टेकवली. तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि जबडा फाडला. फ्लॅश पेटला. गुलाबी कातडीतली एकेक शीर दिसली, असं पैली सांगतो.

मग जे कधी होत नाही ते झालं. पक्षी उडाला. डोळ्यांत तो झोत घेऊन खोडावर आपटला, पडला, पुन्हा उठून झाडीत गेला. शिवनेसन कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत होता. वरच्या फांदीवरून कावळ्याच्या जातीचा टकाचोर उतरला, अंडं फोडलं आणि तिथंच बसून खाल्लं. हे पैलीनं एकट्यानं पाहिलं. त्यानं काठी टाकली नाही, हुसकावलंही नाही. नंतर म्हणाला, हलावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नर परत येऊन बसला. रिकाम्या गादीवर. पुढचे अकरा दिवस बसत राहिला. शिवनेसनचा फोटो तोवर सगळीकडे फिरला होता, माणसं येत होती, आणि पैली त्यांना नेत होता. अंड्यावर बसलेला बाप, बघा. गादी रिकामी असल्याची बेबीला कुणकुण लागली तेव्हा तो भरल्या टपरीत म्हणाला, "खरा वेळिच्चप्पाड स्वतःचं कपाळ फोडतो. आपला दुसऱ्यांची." सगळे हसले. मीही हसलो. पैलीनं चहा संपवला आणि गेला.

त्या दिवशी जेवताना त्यानं राहेलला सगळं सांगितलं. का, ते त्यालाही सांगता येत नाही. तिनं त्याच्या पानात उकडलेल्या कंदाचा कप्पा वाढला, वर मासळीचा रस्सा घातला.

"पण फोटोत काय फरक पडतो?" तो म्हणाला. "अंडं पिसांखाली असतं. दिसत कुठे?"

"माझं तरी कुठे दिसत होतं, अच्चाया," राहेल म्हणाली, आणि भांडं घेऊन आत गेली.

बाराव्या दिवशी नर आला नाही. गादी विस्कटून खाली पडली होती. दोन दिवसांनी हैदराबादची मंडळी यायची होती आणि त्यांना तोच कंदिलासारखा जबडा हवा होता. दुसरी एक जोडी पैलीला ठाऊक होती, पण तो उजेड त्या दिवशी नशिबानं पडला होता. अंतर किती, तिरपा किती, हातात बसलं नव्हतं.

संध्याकाळी तो मुंडू आणि काठी घेऊन मागच्या अंगणात आला. मी कुंपणाशी मिरी वाळवत होतो.

"एडी, ये गं. जरा बस," त्यानं बायकोला हाक मारली.

राहेल आली. पदराला हात पुसून स्टुलावर बसली. पन्नाशी उलटलेली बाई, केस निम्मे पांढरे. पैलीनं काठी तिच्या डोक्यामागे वीतभर धरली आणि एक झोत सोडला. तिनं डोळे मिटले नाहीत. दुसरा सोडला. मग तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. आवाज नाही. नुसतं उघडत गेली, गालाची हाडं वर येईपर्यंत, आतले पडलेले दात दिसेपर्यंत. मिरीवरचा माझा हात थांबला. इतक्या वर्षांत त्या घरातून मी एवढं मोठं काही ऐकलं नव्हतं.

पैली जागेवरच थबकला. काठी थोडी खाली आली. मग त्यानं ती वर केली, अंगठा बटणावर नेला.

"हां," तो म्हणाला. "तसंच धर."