टोपलीतला कागद

मी दूध संस्थेचा सचिव असताना आमच्या कॉम्प्युटरसाठी बारामतीहून एक मेकॅनिक सणसरला यायचा. नवी विंडोज आली तेव्हा त्यानं इंटरनेटवरचे सल्ले छापून आणले. उसाच्या नव्या बेण्याची चौकशी करावी, तसा प्रत्येक कागद वाचून तो विचारायचा, "ह्यानं सोताच्या मशीनवर घातलीय, का नुसतंच सांगतोय?" शंका आली की कागद टोपलीत.

मी घाई केली की म्हणायचा, "दमानं घ्या, भाऊसाहेब."

त्याच्या माघारी मी टोपलीतलाच एक कागद काढला. त्यात सांगितल्याप्रमाणे आधी सगळं पुसलं, मग नवी विंडोज घातली. सभासदांची यादीही पुसली गेली.

चेअरमननी विचारलं तेव्हा माझी नोकरी जाईल हे ओळखून मेकॅनिकच म्हणाला, "घाई माझीच झाली, आबा." संस्थेतलं त्याचं काम सुटलं. मी गप्प राहिलो.

घाई माझी होती. आता कुणी नवी विंडोज घालू का विचारलं, तर मी थांबायला सांगतो. नुसतंच सांगत नाही, मी स्वतः घातली होती.