फुग्यांतली अक्षरं

संघपाल मास्तरांनी त्या दिवशी टाळ्या घेतल्या, आणि टाळ्या संपायच्या आत त्यांना कळलं की त्या चोरीच्या आहेत. माणूस वाईट नाही बरं का. तीस वर्षं अमरावतीत मराठी शिकवलं, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण जीभ घसरायला माणूस वाईटच असावा लागतो, असं थोडंच आहे?

झालं असं. शाळेत कॉमिक्सचं प्रदर्शन भरलं होतं. चित्रकलेच्या भावना मॅडमनी रद्दीवाल्यांकडून जुनी जुनी कॉमिक्स गोळा करून दोरीवर कपड्याच्या चिमट्यांनी टांगली. एरवी मोबाइलमध्ये मुंडी घालून बसणारी पोरं तिथं अशी चिकटली, की मधल्या सुट्टीत डबे उघडायचे राहून गेले. मास्तरांचं कॉमिक्सचं वेड सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्यांनाच बोलायला उभं केलं. मास्तर खुलले.

"सिनेमा आपल्याला ओढत नेतो," ते म्हणाले, "कॉमिक्स तुमच्या चालीनं चालतं. थांबा, मागं वळा, राक्षसाच्या दाढीचे केस मोजत बसा, कोणी हटकत नाही. आणि पोरांनो, दोन चौकोनांच्या मधात ही पांढरी गल्ली दिसते ना? इथं काहीच काढलेलं नाही. अलीकडं तलवार उगारलेली, पलीकडं माणूस पडलेला. मग वार झाला कुठं? या गल्लीत. आणि केला कोणी? तुम्ही! म्हणून हे पुस्तक कधी जुनं होत नाही."

टाळ्या पडल्या. मोबाइलवर रेकॉर्डिंग करता करता भावना मॅडमनी विचारलं, "सर, ही गोडी तुम्हाला लावली कोणी?"

एक नाव घ्यायचं होतं, दुसरं काही नाही. मास्तर म्हणाले, "कोणी नाही. आमच्या घरात वाचणारं होतं कोण? माझा मीच शिकलो."

ते रेकॉर्डिंग संध्याकाळपर्यंत घरच्या ग्रुपवर आलं. मास्तरांची बायको ज्योत्स्ना मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "बडनेऱ्याहून बाबांचा फोन आला होता. तुमचं भाषण त्यांनी दोनदा पाह्यलं म्हणे." मास्तरांच्या हातातला चहा तसाच राहिला. पांढरी गल्ली हा शब्द मुळात बाबांचा होता.

बाबा म्हणजे बुधाजी, मास्तरांचे वडील. बडनेऱ्याला रेल्वेत खलाशी होते. गाडी लागली की लांब दांड्याच्या हातोडीनं चाकं ठोकत जायचं आणि आवाजावरून तडकलेलं चाक ओळखायचं, हे त्यांचं काम. गाडीत कोणाचं विसरलेलं कॉमिक्स सापडलं, की ते सदऱ्याच्या आत घालून घरी यायचं. मग बाबासाहेबांच्या फोटोखाली चटई पडायची, आणि वस्तीतली सगळी पोट्टी गोळा व्हायची. बुधाजी वाचायचे. वाचायचे कसले, नाटक उभं करायचे!

एक पुस्तक तर पोट्ट्यांनी पन्नास वेळा ऐकलं असेल. त्यात दाढीवाला जादूगार होता, राजकन्या होती, आणि एक भल्ला मोठा हत्ती. बुधाजींच्या वाचनात जादूगार राजकन्येला म्हणायचा, "बाई, जेवून घ्या, गाडीले टाइम आहे." हत्ती बिनतिकिटाचा सापडायचा, टीसी त्याची सोंड धरून त्याला खाली उतरवायचा, आणि पोट्टी हसून हसून गडाबडा लोळायची. गंमत अशी, की हत्ती दरवेळी वेगळ्या स्टेशनावर उतरायचा. कधी मुर्तिजापूर, कधी अकोला. कोणी हटकलं, की बुधाजी दोन चित्रांच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवायचे. "हे गल्ली पाह्य. आज हत्ती इथून गेला. उद्या दुसऱ्या गल्लीतून जाईन. त्याची मर्जी!"

संघपाल तेव्हा दुसरीत. अक्षरं नुकतीच लागलेली. दुकानाची पाटी, एसटीचा फलक, काडेपेटी, दिसेल ते वाचत सुटायचा. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला. एका रविवारी चटई भरली होती, शेजारच्या सुंदराबाई दारात कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या, बुधाजी हत्तीकडं तिकीट मागत होते. तेवढ्यात यानं चित्रातल्या संवादाच्या फुग्यावर बोट ठेवलं. "थां-ब, दु-ष्टा. तु-झा अं-त..." आणि एकदम ओरडला, "बाबा खोटं वाचून राह्यले! इथं हत्तीचं नाहीच! बाबाले वाचता येत नाही!"

त्या वस्तीत हे साधं बोलणं नव्हतं. शिका, असं ज्यांनी सांगितलं त्यांचा फोटो घराघरात. बुधाजी हजेरीपटावर झोकात सही करायचे, विहारात पेपर उघडून बसायचे. सहीपलीकडं त्यांना एक अक्षर येत नाही, हे बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

"अगे माय!" सुंदराबाई म्हणाल्या. "मंग तो पेपर कायले उघडून बसतं रे बुधाजी?"

सगळे हसले. आपण मोठाच पराक्रम केला असं वाटून संघपाल सगळ्यांत जोरात हसला. ते हसू त्याला पुढं जन्मभर आठवत राहिलं, आणि दरवेळी कानशिलं तापत राहिली. बुधाजींनी हातातलं पुस्तक मिटलं, "तंबाखू आणतो," म्हणाले आणि उठून गेले. ती चटई पुन्हा पडली नाही.

आता विचाराल, एवढ्या वर्षांत माफी नाही मागितली? कोण मागतं हो आईबापाची माफी? आपण पाया पडतो, दवाखान्यात नेतो, स्वेटर घेऊन देतो. 'चुकलो' तेवढं म्हणत नाही. मास्तरांनीही बाबांना चष्मा करून दिला, टीव्ही दिला, शेवटी मोबाइल दिला. त्याच मोबाइलवर बाबांनी ते भाषण पाहिलं.

रविवारी सकाळी मास्तर बडनेऱ्याला गेले. बुधाजी अंगणात खाटेवर बसले होते. वय चौऱ्याऐंशी, पाठ अजून ताठ.

"आला का? भाषण चांगलं झालं बे तुहं."

"बाबा, मी तिथं जे बोललो..."

"खरं तेच बोलला. वाचणारं होतं कोण घरात?"

टोमणा असता तर परवडला असता. पण म्हातारा अगदी मनापासून बोलत होता. मास्तरांना कुठं तोंड लपवू असं झालं. ते आत गेले, पत्र्याच्या पेटीतून ते हत्तीचं पुस्तक काढून आणलं. पिना गंजून गेलेल्या, म्हणून कोणीतरी जाड दोऱ्यानं शिवलेलं.

"चुकलो बाबा," मास्तर म्हणाले. शाळेतली भाषा कुठल्या कुठं पळाली. "तवाही चुकलो, परवाही चुकलो. गल्ली तुमची होती. म्या माही म्हणून सांगतली."

"जाऊ दे ना. लहान होता तू."

"परवा लहान नव्हतो."

मास्तरांनी मोबाइल काढला. "एक डाव वाचून दाखवा. हत्तीचं. मी रेकॉर्डिंग करतो, शाळेत पोट्ट्याइले ऐकवतो. माह्या बाबानं मले असं शिकवलं म्हणून सांगतो सगळ्यांसमोर."

बुधाजींनी चष्मा लावला. पान उघडलं, फुग्यावर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं, "थांब, दुष्टा. तुझा अंत जवळ आला आहे."

मास्तरांनी मोबाइल खाटेवर ठेवला. "बाबा, तुमाले वाचता येते?"

"मंग? त्याच साली गेलो शिकाले. संध्याकाळी मोठ्या मानसाइचा वर्ग भरे, पार स्टेशनाच्या तिकडं. इथं वळखीचे लोक, लाज वाटे. दोन सालं गेलो. तुही माय समजे, पत्ते कुटाले जातो."

"मग आमाले पुन्हा काहून नाही वाचून दाखवलं?"

"काय दाखवू? त्याच्यात हत्तीचं नव्हतंच ना. तू बरोबर होता."

मास्तरांनी पुढं होऊन दोन्ही तळहातांनी फुगे झाकले. नुसती चित्रं उघडी राहिली, आणि मधली पांढरी गल्ली. "आता सांगा, बाबा. हत्ती कोणत्या स्टेशनावर उतरला?"

बुधाजी चित्राकडं पाहत राहिले. गल्लीवरून त्यांचं बोट वर गेलं, खाली आलं. ओठ हलले.

"हात काढ बाप्पा," बुधाजी म्हणाले. "अक्षरं झाकल्या गेली. चुकीन मी."

मास्तरांनी हात काढले, मोबाइल उचलला आणि ते मान खाली घालून तो धरून बसले. बुधाजींनी पुस्तक शेवटपर्यंत वाचून दाखवलं. एकही अक्षर चुकलं नाही.